सोडियमचे कण आणि मामांचा डोळा

सव्वीस वर्षं मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि सव्वीस वर्षं पोरांनी माझ्यासमोर खुशाल जांभया दिल्या. मग कुणीतरी माझा सोडियम पाण्यात टाकून स्फोट करायचा प्रयोग फोनवर टिपला, इंटरनेटवर टाकला आणि मी 'स्फोटवाले सर' झालो. त्र्यंबक नाक्यावर लोक अडवून सेल्फी काढायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मी स्वतःचं चॅनेल काढलं. दर व्हिडिओत आधीपेक्षा मोठा आवाज हवा, एवढंच डोक्यात.

लॅबमध्ये मदतीला मामा होते. कॉलेजात शिपायांना, सहायकांना मामाच म्हणतात. हे हरसूलकडचे, माझ्याच वयाचे. सोडियमचा तुकडा मसुराएवढा कापायचा, उरलेले कण सुरी पुसलेल्या कागदासकट स्पिरिटमध्ये टाकायचे, फसफस थांबली की मगच पाणी, हा त्यांचा नेम.

त्या दिवशी मी बोराएवढा तुकडा कापला.

"सर, येवढा नका घेऊ, लय उडंल."

"मला शिकवू नका," मी खेकसलो.

तरी स्फोट मनासारखा झाला नाही. चिडून मी सुरी पुसली, कण चिकटलेले कागद बेसिनमध्ये भिरकावले आणि दुसऱ्या शॉटसाठी वळलो. मामा काचेचं भांडं धुवायला गेले. बेसिनमध्ये कुणी सोडियम टाकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी नळ सोडला.

दणका बसला. काचा छतापर्यंत उडाल्या. मामा डोळा धरून गुरासारखे ओरडत होते. डोळ्यात कॉस्टिक, म्हणजे सोडियम-पाण्यातून होणारा जाळणारा क्षार, गेलेलं; वाहत्या पाण्याशिवाय इलाज नव्हता. मी त्यांचे केस धरले आणि डोकं शेजारच्या नळाखाली दाबलं. ते लाथा झाडत होते. माझ्या मनगटाला कडकडून चावले. मी त्यांच्या पाठीत गुडघा रोवला, घट्ट मिटलेली पापणी बोटांनी ताणून उघडली आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही. बेसिन लाल झालं होतं.

व्हिडिओसाठी स्टँडवर लावलेला माझा फोन हे सगळं टिपत होता.

चौकशीत मी म्हणालो, कागद मामांनीच टाकले असावेत. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती लोक हसतील याची होती. इतका नीचपणा आपल्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. मामांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला.

महिन्याने ते लॅबमध्ये आले. उजवा डोळा पांढराफटक पडलेला.

"सर, तुमचा फोन चालू व्हता ना? त्यात बघा की. म्या आजवर कधी कागद बेसिनात टाकला नाय."

"बंद होता, मामा."

त्यांनी डाव्या डोळ्याने बेसिनकडे पाहिलं.

"मंग माझाच हात चुकला आसंल. तुम्ही तसं धरून ठेवलं म्हणून दुसरा तरी वाचला, सर."

ते माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना अडवलं नाही.