नाना गुरुजींची पंपाची सायकल

नाना गुरुजी रोज संध्याकाळी स्वतःच्याच दारात उभे राहून आधी स्वतःची ओळख आणि कुठून आलो ते सांगत. “मी नाना. शाळेतनं उनू.” आतून काही हालचाल झाली नाही तर पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे. मग चपला काढून आत जात. पिंप्राळ्यात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, गृहस्थ थट्टेखोर दिसतात. ते होतेही. पण हे थट्टेतलं नव्हतं.

नातवंडांनो, तुम्ही तिकडे विजेवर चालणारी सायकल घेतल्याचं फोनवर सांगितलंत, म्हणून हे लिहायला बसले आहे. आमच्या गल्लीतही एकदा इंजिनाची सायकल झाली होती. ती दुकानातून आली नव्हती, आमच्याच अंगणात तयार झाली होती.

नानांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. वय फार नव्हतं, पण त्यांचं मन कुठेतरी वाट चुकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. अक्का दिवसभर कोपऱ्यात पदर चाळवत बसायच्या, कुणाला त्रास नाही. फक्त नानांखेरीज कुणाच्याही हातून घास घेत नसत. मी भरवून पाहिलं, त्यांच्या सख्ख्या बहिणीनं पाहिलं. त्या हाताशी नाक आणत आणि तोंड फिरवत. नाना सकाळी दुधात भाकरी कुस्करून भरवत आणि शाळेत जात. पुढचा घास ते परतल्यावर. एकदा मी विचारलं, तुम्हाला तरी त्या ओळखतात ना? नाना म्हणाले, “तिले मनं नाव याद नही, ताई. तोंडबी याद नही. हात याद शे.”

शाळा लांब, गिरणा नदीकाठच्या खेड्यात होती. एस.टी.च्या वेळा त्यांच्या कामाच्या नव्हत्या. तिथेच बिऱ्हाड करावं तर दाराशी नदी, आणि अक्कांना दार उघडं दिसलं की चालत सुटायची सवय. इथं निदान गल्लीतलं कुणीतरी त्यांना परत आणून बसवायचं. बदलीचा अर्ज करून नाना थकले होते. राहिली सायकल. पण नानांना दमा. चढावर उतरून सायकल हातात धरून चालायचं, झाडाखाली बसायचं, पुन्हा चढायचं. घरी यायला दर महिन्याला थोडा थोडा उशीर होऊ लागला. एका संध्याकाळी ते आले तेव्हा अक्का उपासानं घेरी येऊन उंबऱ्यात पडलेल्या होत्या.

त्यानंतर नानांनी इंजिनाचा ध्यास घेतला. बाजारात शेतीअवजारांचं दुकान असलेले एक मारवाडी शेठ होते. त्यांचा मुलगा नानांचा आधीच्या शाळेतला विद्यार्थी. कपाशीवर औषध मारायचा, पाठीवर घ्यायचा एक मोडका पंप त्यांच्याकडे पडला होता, त्याचं इंजिन त्यांनी देऊन टाकलं. वर विचारलं, “गुरुजी, आता पोरांवर फवारणी करणार की काय?” नाना म्हणाले, कीड तर तिथंच जास्त आहे.

इंजिनाबरोबर इंग्रजी पुस्तिका आली. ती वाचून सांगायचं काम माझं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की हे यंत्र अन्य कामांसाठी वापरू नये. नाना हसले. “अन्य कामं ज्यास्ले ऱ्हातीन, त्यास्नासाठी ते. आपलं काम एकच शे.”

कित्येक रविवार आमच्या अंगणात ठोकाठोक चालली. जुन्या खाटेची लोखंडी पट्टी कापून कॅरिअरवर इंजिनाला बैठक केली. सुताराकडून बाभळीचा रूळ करून आणला. तो इंजिनानं फिरायचा आणि मागच्या टायरवर दाबून बसायचा, की चाक पळायचं. थांबायचं असेल तेव्हा रूळ उचलायला दांडा. तुमचे आजोबा कचेरीतले साहेब, पण पाना धरून उकिडवे बसलेले असत आणि नाना त्यांना वर्गातल्या पोरासारखं दटावत, “भाऊ, लक्ष कोठे शे?” सगळं बसल्यावर, अगदी शेवटी, त्यात तेल मिसळलेलं पेट्रोल घातलं. दोरी ओढताच इंजिन धूर ओकत फटफटलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नाना ऊन असतानाच परत आले. इतके ताजे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. दारात उभे राहून म्हणाले, “मी नाना. शाळेतनं उनू.” हात धुतले, भाकरी कुस्करली. अक्कांनी घासाशी नाक नेलं आणि त्या मागे सरकल्या. पुन्हा घास पुढे केला तर घाबरून भिंतीला चिकटल्या.

“हाऊ तो नही,” त्या म्हणाल्या.

नानांनी साबण लावला. मी लिंबू कापून दिलं, राख दिली, हरभऱ्याचं पीठ दिलं. कपडे बदलले, आंघोळ केली. तेलाचा वास नखांत, केसांत, कातडीत बसला होता. आम्हाला तो येतही नव्हता, अक्कांना येत होता. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, प्रत्येकीकडे एक उपाय होता आणि एकही चालत नव्हता. नाना वाटी घेऊन अक्कांसमोर बसून राहिले. अक्का भुकेल्या होत्या, वाटीकडे बघत होत्या, आणि हात पुढे आला की रडत होत्या.

सकाळीही तेच. नाना शाळेत गेले नाहीत. त्यांनी पाना घेतला आणि इंजिन खोलायला लागले. आजोबा म्हणाले, थोडे दिवस थांबा, सवय होईल त्यांना. नानांनी मान वर केली नाही. “तवलोंग ती काय खाई, भाऊ?” दिवसभर ते हात घासत होते. संध्याकाळी अक्कांनी बराच वेळ त्यांचा तळवा हुंगला आणि घास घेतला. नाना उठून मागच्या अंगणात गेले. आमच्यापैकी कुणी त्यांच्यामागे गेलं नाही.

पुन्हा पायडल सुरू झालं. संध्याकाळी घंटीआधी त्यांच्या श्वासाची शिट्टी ऐकू यायची. आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहायचो. दुसरं काय करणार? खोललेलं इंजिन आमच्या जिन्याखाली होतं. मी त्यावर स्वच्छ फडकं घालून ठेवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात अक्का तापानं गेल्या. शेवटचं पाणी त्यांनी नानांच्याच हातून घेतलं. दिवसवार झाले. नाना शाळेत जायला निघाले, तेव्हा चार पावलांतच त्यांना धाप लागली. आजोबांना राहवलं नाही. ते जिन्याखालून इंजिन उचलून घेऊन आले आणि म्हणाले, नाना, आता तरी बसवू या, आता काही अडचण नाही.

नाना सायकल धरून उभे होते. धाप ओसरेपर्यंत थांबले.

“आते घाई कसानी, भाऊ? घर कोन उपाशी बठेल शे?”

आठवड्याभरात त्यांनी पिंप्राळ्याचं घर सोडलं आणि ते शाळेच्या गावी, नदीकाठी राहायला गेले. वळकटी कॅरिअरवर बांधली होती. सायकलवर ते बसले नाहीत, ती हातात धरून चालत गेले.