न ऐकता दाबलेलं बटण

"तुम्ही ऐकत नाही आहात. तुम्ही मोजताय."

जळगावातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात, काचेच्या बंद खोलीत मी बसलो होतो. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी, दार उघडून माझ्या कानावरचा हेडफोन काढला आणि हे वाक्य तोंडावर मारलं. या तपासणीत हातात एक बटण देतात. कानात बारीक बीप आला की दाबायचं. मी दाबत होतो. मधेच त्यांनी बीप देणं बंद केलं, तरी माझं दाबणं चालूच होतं. अगदी लयीत.

"काय करता तुम्ही?"

"ड्रमर आहे."

"तरीच," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटा. नाही आलं ऐकू, तर हात मांडीवर ठेवून गप्प बसा. इथे पास-नापास नसतं."

दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीचा कागद डॉक्टरांनी माझ्यासमोर ठेवला. उजव्या कानाची रेघ वर, सरळ. डाव्याची पार खाली घसरलेली. ते म्हणाले, "सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस." म्हणजे कानाच्या आतला, नसेकडचा भाग अचानक कमजोर होतो आणि ऐकणं दोन-तीन दिवसांत, कधी एका झोपेत जातं.

"कधीपासून?"

"बारा दिवस झाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं. औषध आहे. पण उशीर झाला की मी शब्द देऊ शकत नाही."

हे बारा दिवस कुठे गेले, ते सांगण्यासाठीच लिहितोय. कारण ते माझ्यामुळे गेले.

आधी मी कोण ते सांगतो. आमचं घर शिरपूरचं. वडील, आबा, कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करणाऱ्या खडखडत्या यंत्रांवर, कामाला होते. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. पदवीचा कागद आईने लॅमिनेशन करून देवळीशेजारी लावलाय. एवढं शिकून पोरगं ढोल बडवतंय असं गावात लोक बोलले, आणि मी कुणालाही उत्तर दिलं नाही. वाजवून दाखवलं. कॉलेजात रॉक बँड जमला, चौघांचा. त्यातला नीलेश, गिटार वाजवतो आणि गातो, तो आठ वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा आहे. बँडवर घर चालत नाही, म्हणून मी सेशन वाजवतो, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांना स्टुडिओत जाऊन ड्रम देतो. धुळ्यात अहिराणी गाणी धडाधड रेकॉर्ड होतात. सकाळी हळदीचं गाणं, दुपारी भक्तिगीत, संध्याकाळी घरी परतून जळगावातच मेहरूणला बँडची प्रॅक्टिस. "एका टेकमध्ये देतो" म्हणजे पहिल्याच फेरीत बिनचूक वाजवतो, अशी माझी ख्याती. ती मी जपायचो. जरा जास्तच.

धुळ्याच्या स्टुडिओतच सुरू झालं. ड्रमरच्या कानात क्लिक असतो, ठराविक वेगाने टिक-टिक वाजणारा आवाज, त्याला धरून वाजवायचं. मी नेहमी डाव्या कानावर हेडफोन ठेवतो आणि उजवा उघडा, गाणाऱ्याचं ऐकायला. त्या सकाळी क्लिक बारीक येत होता, कापसाचा बोळा घातल्यासारखा. मी रेकॉर्डिस्टला म्हणालो, "भाऊ, हेडफोन गेला तुमचा." त्याने दुसरा दिला. तोही तसाच. मग वायर बदलली. मग मी घरून माझा आणला, त्याची पिन उघडून परत सोल्डरचा डाग दिला. चार दिवस मी हेडफोन दुरुस्त करत होतो. तो उजव्या कानावर लावून बघावा, एवढं साधं सुचलं नाही. सुचलं असेल तर मी सुचू दिलं नाही.

चौथ्या दिवशी डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची असते तशी, फक्त थांबत नव्हती. याला टिनिटस म्हणतात, बाहेर आवाज नसताना कानात येणारा आवाज. माझी बायको भारती म्हणाली, "दवाखान्यात चला." मी म्हटलं, मळ असेल. ती म्हणाली, "मळ शिट्टी वाजवतो का?"

तिच्या समाधानासाठी धुळ्यात एका ठिकाणी तपासणी करून घेतली. तिथेच मी मोठी चूक केली. बाहेर रांग होती, तपासणारा घाईत होता, बीप एका वेगाने येत होते. उजव्या कानाला चार-पाच बीप ऐकले आणि वेग माझ्या अंगात बसला. डाव्या कानाची पाळी आली. शांतता. मला एकदम दहावीचा पेपर आठवला, न येणारा प्रश्न कोरा सोडायची वेळ यायची तो. आणि अंगठा आपोआप चालू लागला. मी कधी नापास झालो नव्हतो. झालो नाही. रिपोर्टवर आलं, किंचित कमी. मी तो कागद भारतीसमोर नाचवला. तपासणाऱ्याला दोष नाही. फसवणारा मी होतो.

पुढचा आठवडा मी एका जागी बसलो नाही. नाशिकला बँडच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग तीन आठवड्यांवर आलेलं. आठ वर्षं ज्याच्यासाठी हातपाय मारले, ते. प्रॅक्टिसला नीलेश डावीकडून काही बोलला की मी हसून मान हलवायचो. बाराव्या दिवशी दुपारीच प्रॅक्टिस होती; त्याने गाणं मधेच थांबवलं, ओरडून सांगितलं, आणि मी एकटाच पुढे वाजवत राहिलो. मान वर केली तर तिघेही माझ्याकडे बघत उभे.

"काय रे," नीलेश म्हणाला, "मोठा माणूस झालास का? आमचं ऐकायचं नाही असं ठरवलंय?"

मी काठ्या ठेवल्या आणि गाडी काढली. त्याच संध्याकाळी ती काचेची खोली.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. सूज कमी करणारं औषध, रोज सकाळी खाल्ल्यावर. त्याने साखर वाढू शकते म्हणून रक्त तपासत होते. मला साखरेपेक्षा दुसराच त्रास झाला. अंगात मुंग्यांचं वारूळ. भारतीने पोळी वाढेपर्यंत मी ताटाभोवती तीन चकरा मारायचो. दवाखान्याच्या बाकावर बोटं थांबेनात, तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझा हात धरून खाली ठेवला. "पोरा, हे लोखंडी बाकडं आहे. तबला नाही."

एमआरआय झाला, नसेवर गाठ नाही ना हे बघायला. यंत्र खडखड वाजत होतं आणि मी आत पाय हलवत होतो. स्पीकरवरून आवाज आला, "पाय हलवू नका, पुन्हा करावं लागेल." पुन्हा करावं लागलं. गाठ नव्हती.

मी डॉक्टरांना विचारलं, ड्रममुळे झालं का? ते म्हणाले, "मोठ्या आवाजाने कान खराब होतात हे खरं. पण तुमचं त्याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही."

मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन. कानाचा पडदा बधिर करून बारीक सुईने औषध आत सोडतात. दर आठवड्याला एक, असे तीन. ऐकायला भयंकर वाटतं, तितकं दुखत नाही. नंतर अर्धा तास एका कुशीवर पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. माझ्यासाठी तो अर्धा तासच खरी शिक्षा.

पहिल्या इंजेक्शननंतर शिरपूरला गेलो. आई रडली. आबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग स्वतःच्या उजव्या कानाला हात लावून म्हणाले, "माले बी ह्या कानमा काही आयकू येस नही. जिनमाच गया. कोणले सांगं नही."

"आईलाही नाही?"

"तुनी माय बठ्ठं ओरडीनच बोलस," ते म्हणाले. "काय फरक पडना?" आई सगळं ओरडूनच बोलते, हे खरं. ती रडता रडता हसली. मग आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू दपाडू नको. सांग."

लपवू नकोस, सांग. माझा बाप इतकी वर्षं एकाच कानावर जगला आणि पदवीधर मुलाला पत्ता नव्हता.

जळगावला परतल्यावर नीलेशला फोन केला नाही, घरी गेलो. सगळं सांगितलं. धुळ्याच्या रिपोर्टचंही. तो पहिल्यांदा चिडला तो कानावरून नाही, लपवण्यावरून. "आठ वर्षं तुझ्या ठेक्यामागे पळतोय आम्ही, आणि तू आम्हालाच खेळवत होतास?" मग शांत झाला. रेकॉर्डिंग पुढे ढकलू म्हणाला. मीच नको म्हटलं, तारखा मोठ्या मुश्किलीने मिळाल्या होत्या. भुसावळच्या एका ड्रमरचं नाव मी स्वतः सुचवलं. अल्बमवर माझं वाजवणं नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. खालचे, जाडे आवाज बरेच परत आलेत. वरचे आले नाहीत. डाव्या बाजूची झांज मला दिसते, तिची सळसळ ऐकू येत नाही. शिट्टी आहेच. डॉक्टर म्हणाले, "बारा दिवसांनी येऊन एवढं मिळालं, हे चांगलं म्हणा." वाजवायला परवानगी दिली, कानाच्या मापाचे प्लग घालून, क्लिकचा आवाज कमी ठेवून.

ज्यांना सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटेल, त्यांना हात जोडून सांगतो, तेल घालू नका, हेडफोन उघडू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. आणि तपासणीत खरं तेच दाखवा. ज्या मॅडमनी मला पकडलं, त्यांच्यामुळे मी आज जेवढं ऐकतो तेवढं ऐकतो. त्यांचे उपकार आहेत.

मागच्या रविवारी मेहरूणला पहिली प्रॅक्टिस झाली. नवं गाणं होतं. तिसऱ्या ओळीला नीलेश काहीतरी बोलला आणि मला ते पोचलं नाही. मी काठी वर केली. सगळे थांबले.

"ऐकू आलं नाही. परत सांग."

तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि परत सांगितलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्या ओळीला मला परत थांबवावं लागलं.