अण्णांच्या रंध्याचं पातं

देशाची दारं जगभरच्या मालाला उघडली आणि पुण्यात ज्याला जे हवं ते मिळू लागलं. अपवाद एकच, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना हवं होतं एका जुन्या विलायती लोखंडी रंध्याचं पातं. रंधा आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अण्णांनी तो जावयाला दिला, कारण घरात लाकडाचं वेड त्या दोघांनाच. घासून घासून पातं बोटभर उरलं होतं आणि तसं पातं करणारा कारखाना कधीच बंद पडला होता. भावजींनी पात्याचा आकार पुठ्ठ्यावर कापून खिशात ठेवला आणि नऊ वर्षं दर रविवारी ते जुन्या बाजारात गेले. मुलाच्या साखरपुड्यालासुद्धा! मुलीकडची मंडळी सोफ्यावर बसलेली, आणि हे दारात उभे, काखेत गंजकी करवत. "पातं नाही मिळालं, पण ही बघा," असं त्यांनी थेट होणाऱ्या व्याह्यांनाच सांगितलं. मी चहाचा ट्रे धरून जागीच थिजले.

तिकडे भावजींनी ताईसाठी करायला घेतलेला सागवानी देव्हारा पात्यावाचून नऊ वर्षं अर्धवट पडलेला आणि देव मिक्सरशेजारी. मी याद्या करणारी बाई. काम झालं की काट मारायची, हा माझा धर्म. भावजी मला 'यादीबाई' म्हणतात. एकदा मी कसबा पेठेतल्या सतरा दुकानांची यादी केली, रस्त्याच्या क्रमाने, आणि त्यांना घेऊन निघाले. दुसऱ्याच दुकानात सकाळ संपली. दुकानदार पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "अहो, गोरे जाताना घेऊन गेले ती पाती. पत्र टाका." भावजींनी शांतपणे पेन काढलं आणि विचारलं, "पत्ता आहे?"

भाचा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या ऑफिसात नव्या मजल्याचं फर्निचर चाललंय आणि तिथे जुने सुतार आहेत, असं कळताच भावजी पिशवीत बिनपात्याचा रंधा घालून बसने निघाले. गेटवर यंत्र कोकललं. सिक्युरिटीवाल्याने रंधा उलटसुलट करून विचारलं, "काका, याच्यात ब्लेड कुठंय?" भावजी म्हणाले, "तेच तर विचारायला आलोय!" भाच्याला मीटिंगमधून खाली बोलावलं. "मावशी, बाबांना आवर," असा त्याचा मला फोन. मी काय आवरणार?

मग एका रविवारी मी ताईकडे गेले. ताई मंडईत, भावजी जुन्या बाजारात. खाली सायकलवर धार लावणारा ओरडत होता. कपाटात तेलाच्या फडक्यात ते बोटभर पातं गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, नऊ वर्षांचा घोळ, आणि पातं नुसतं बोथट! खाली नेलं. ठिणग्या छान उडाल्या. वर येऊन मी वहीत काट मारली.

भावजी रिकाम्या हाताने आले. मी फुशारकीने म्हणाले, "धार लावून आणलीय. आता देव्हारा होऊन जाईल."

त्यांनी फडकं उघडलं. पात्याची कड तापून निळी पडली होती, पोलादाचं पाणी उतरलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बोथट नव्हतं गं ते," ते म्हणाले. "अण्णांनी शेवटचं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी धार लावली होती. वापरलं असतं तर ती झिजली असती. म्हणून दुसरं शोधत होतो."

"मग मला सांगायचं नाही का, भावजी?"

"तू हसली असतीस."

हसलेच असते.

दोन संध्याकाळी दगडावर घासून त्यांनी निळा भाग काढला आणि उरलेल्या पात्यावर तीन आठवड्यांत देव्हारा पुरा केला. "आता जपायचं काय राहिलंय?" एवढंच म्हणाले. ढलप्या कागदासारख्या पातळ निघत होत्या. देव मिक्सरशेजारून उठले. पुढच्या रविवारी सकाळी मी फोन केला, तर तो भावजींनीच उचलला. ते घरी होते. त्या माणसाने मला आयुष्यभर धक्के दिले, पण इतका मोठा धक्का कधी बसला नव्हता.

पुठ्ठा मी मागून घेतला. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मंडईत गेले की आता कसबा पेठेत डोकावते. परवा त्या दुकानदाराने पुठ्ठा ओळखला आणि पेपर खाली ठेवला.

"ते बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग तुम्ही कशा आलात?"

"माझ्या यादीत आहे."

तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीने माखलेली एकेक पेटी खाली देऊ लागला. तासभर आम्ही दोघांनी शोधलं. नाही मिळालं. पुठ्ठा परत देताना तो म्हणाला, "शनिवारी या. मागची खोली बघायची राहिलीय."