धारोष्ण

गवळ्याला सगळे ‘वासरू’ म्हणत. साठी उलटली तरी वासरूच. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा आत्याने गाईच्या दुधात भिजवलेली कापडाची वात चोखायला देऊन त्याला जगवलं होतं. माणसाचं पोर गाईवर पोसलं, याचा त्याला कोण अभिमान! “आपल्याला गवत पचतं का? गाय ते खाते आणि आपल्यासाठी त्याचं दूध करते. आणखी काय हवं?” हे व्याख्यान गिऱ्हाइकांना तोंडपाठ होतं.

एक हेका मात्र वाईट. दूध प्यावं तर धारोष्ण, कासेखालून थेट पेल्यात. “उकळलं की दुधातला जीव जातो,” म्हणायचा. गिऱ्हाइकं शहाणी. मान डोलवायची आणि घरी जाऊन मुकाट्याने उकळायची. सून मात्र भाबडी. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हापासून रोजचा पहिला पेला तिचा.

त्याच सुमारास तांबडी गाय सातव्या महिन्यात गाभडली. पाय घसरला असेल, म्हणून त्याने गोठा घासून धुतला. पोटातलं वासरू गेलं तरी कासेत दूध उतरलंच होतं, ते वाया कशाला घालवायचं? तेही सुनेलाच.

पाचव्या महिन्यात सुनेचं पोट रिकामं झालं.

त्यानंतर आठवड्याने गुरांचे डॉक्टर तांबडीच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन गोठ्यात आले. “ही गाभडण्याची साथ आहे. कच्च्या दुधातून माणसालाही लागते, गरोदर बाईला तर फारच वाईट. घरात कच्चं कोण पितं?”

“मी,” गवळी म्हणाला. ते खोटं नव्हतं. गेला महिनाभर त्याला संध्याकाळी ताप भरत होता.

तो घरात आला. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“बाबा, एक सांगू? चूक माझीच आहे. मळमळायचं म्हणून चार दिवस मी पेला मोरीत ओतला. तुम्हाला कळू दिलं नाही. पुन्हा दिवस गेले ना, तर एक थेंब सांडणार नाही.”

त्या पोराला सुखाचे असे ते चारच दिवस मिळाले, एवढंच त्याच्या मनात आलं. सांगायला हवं होतं.

सुनेने मान वळवून पाहिलं.

“रागावलात ना?” तिने विचारलं.