मावशीच्या नावावरची नोंद

फार्मसीच्या पोरांना पेशंटची नोंद कॉम्प्युटरवर कशी करायची, हे शिकवणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल ‘खुर्चीबाई’ म्हणायचं. कारण त्यांचा एकच धोशा : "आधी पेशंटशेजारी खुर्ची ओढून बसा, बोला, मग बोटं चालवा! आणि उठताना लॉगआउट. पाणी प्यायला गेलात तरी!"

एकाच माणसापुढे हा नियम ढिला पडे. थोरली बहीण गेल्यावर पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची त्यांच्याच वर्गात होती. ती शेजारी असली की बाई कॉम्प्युटर उघडा टाकून खुशाल उठत. घरच्या माणसापुढे कसलं कुलूप!

मंगळवारी एक आजोबा पोटातून रक्त गेलं म्हणून परत भरती झाले. रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि वर गुडघेदुखीची गोळी चघळत होते.

"या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नाही, बाई."

गेल्या आठवड्यात घरी सोडतानाची नोंद मात्र सांगत होती : दुखण्याची गोळी घ्यायची नाही हे समजावलं, आजोबांनी तेच परत बोलून दाखवलं. खाली नाव बाईंचं. बाई तर आजोबांना आज पहिल्यांदा बघत होत्या.

त्यांनी भाचीला समोर बसवलं. "त्या वेळी माझ्या खुर्चीत तू होतीस."

"बस सुटत होती गं, मावशी. आजोबांकडे जायचं राहून गेलं."

"मग माझ्या नावाने का?"

भाची नखं कुरतडत म्हणाली, "आमची नोंद तुझ्याकडे तपासायला येते. तू लगेच आजोबांना जाऊन विचारलं असतंस. तुझी कोण तपासतंय?"

म्हणजे घाईत झालेली चूक नव्हती. हिशेब करून केलेलं काम होतं, तेही बाईंनीच शिकवलेल्या धड्यावर.

"उद्या या प्रकाराची चौकशी आहे. तिथे हे सांगशील?"

"माझं वर्ष जाईल! तुझी नोकरी पक्की, तुला कोण काय करणार? आई असती तर तिने घेतलं असतं अंगावर."

मेलेल्या बहिणीला मध्ये घालून पोरीने केसाने गळा कापला. बाईंना रडूसुद्धा आलं नाही.

सकाळी चौकशीआधी त्यांनी ती नोंद उघडली. जतन झालेली ओळ पुसता येत नाही, खाली नवी जोडता येते. त्यांनी लिहिलं : ‘वरची नोंद माझी नाही. माझ्या भाचीने केली.’ थांबल्या. ‘भाचीने’ खोडून ‘विद्यार्थिनीने’ केलं. पुढे जोडलं : ‘कॉम्प्युटर उघडा मी टाकला होता.’

मग लॉगआउट केलं, आणि खुर्ची ओढून आजोबांशेजारी जाऊन बसल्या.