शिआनची मशीद आणि आईचं मशीन

मशिदीला मशीदच म्हणायचं. एवढ्या साध्या गोष्टीवरून सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मी भांडखोर ठरले. ठरले तर ठरले.

मी उधन्यात एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवते. शेठनं नवी मशिनं घ्यायची ठरवली तेव्हा ती शिकून यायला मला चीनला पाठवलं, शिआन नावाच्या अवाढव्य शहरात. कारखाना आणि हॉटेल, हॉटेल आणि कारखाना. सुट्टीच्या दिवशी मी एकटीच बाहेर पडले आणि जुन्या मुसलमान वस्तीत शिरले. पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष कोळशावर मटण भाजत होते. एका दुकानापुढे दोघं जण लाकडी हातोड्यांनी शेंगदाण्याची चिक्की धपाधपा कुटत होते. तुकडा तोंडात टाकला आणि घरची आठवण येऊन डोळे भरले.

त्याच वस्तीत, एका गल्लीतून आत वळलं की मशीद. मी घुमट शोधत होते, तो नव्हताच. अंगणामागून अंगण, जुनी झाडं, निळसर कौलं, टोकं वर वळलेली छपरं. मिनार म्हणावा तर तोही छपरांचाच, एकावर एक. दगडावर मात्र अरबी अक्षरं कोरलेली. नमाजाच्या दालनात मला जाता येणार नव्हतं, म्हणून मी अंगणातल्या पायरीवर बसले. एक म्हातारा झाडत होता. त्यानं मला उठवलं नाही, माझ्या बाजूनं झाडून पुढे गेला.

देव आपला ठेवला, छप्पर गावाचं घेतलं, आणि दोन्हींची लाज नाही. मला ते फार आवडलं, आणि रागही आला, स्वतःचाच. आम्ही खानदेशी, जन्म सुरतेत गेला, तरी दुकानात अहिराणी बोलताना आम्ही आवाज खाली आणतो.

बाहेर येऊन आईला फोन लावला. "माय, आज मशीद देखी!"

"हाव, मशीनना आवाज ई राह्यना," आई खुशीत म्हणाली. मागे चिक्की कुटत होते.

परतल्यावर मी मशिदीचा मोठा फोटो फ्रेम करून घेतला. आई घरी साड्यांना लेस लावते. तिनं तो आपल्या शिलाई मशीनच्या वर टांगला. दसऱ्याला मी कामावरून आले तर मशीनला झेंडूची माळ, आणि वर फोटोलाही माळ, काचेवर हळदकुंकू. मंगळवारी आमच्याकडे भजनाला जमणाऱ्या बाया फोटोला हात जोडत होत्या. सोसायटीचे प्रमुख काकाही होते. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "कोनता देवनं मंदिर शे हाई?"

"पोर चीनमा मशीन शिकाले गयथी, तठलं शे," आई म्हणाली.

मी गप्प बसू शकले असते. "काका, ती मशीद आहे," मी म्हटलं.

बायांचे हात तसेच राहिले. काकांनी मला दाराबाहेर बोलावलं आणि अगदी मायेनं समजावलं, "पोरी, एक अक्षरनी तं गोट शे. कोनी इचारं तं मशीन सांग. नही तं काढी टाक."

"सांगणार नाही आणि काढणारही नाही," मी म्हटलं. "माझ्या घरची भिंत आहे."

पुढच्या मंगळवारी भजन दुसऱ्या घरी बसलं. आईला बोलावणं आलं नाही. भिंतीपलीकडून टाळ ऐकू येत होते आणि ती मान खाली घालून लेस लावत होती. बाबा गेल्यापासून त्या बायाच तिचा आधार होत्या. माझ्याशी ती बोलेना. मी चिडले होते आणि घाबरलेही होते. बाणा माझा होता, किंमत ती मोजत होती. शेवटी मीच म्हटलं, "माय, काढू का फोटो?" तिनं मशीन थांबवलं नाही.

मग एका सकाळी भजनातली शेजारीण दारात आली. आवाज गोड करून म्हणाली, "मावशी, आज भजनले या ना. तो मशीनना फोटो राहू द्या, आम्ही काय बोलतस? मशीनना तं शे."

वाट मोकळी होती. आईनं नुसती मान हलवायची होती. मी आतून बघत होते आणि, खरं सांगते, तिनं ती हलवावी असंच मला वाटत होतं.

आईनं दोरा दातांनी तोडला. उठून फोटोच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली, दसऱ्याचं कुंकू तेवढं सांभाळून. मग अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मशीन नही व माय. मशीद. दसराना द."