सातवीच्या वर्गातली भरती

बोरी अरबच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा तर इतक्या वेळा शिकवला की डोळे मिटून फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढता येत असे. समुद्र मात्र पाहिलेला नव्हता. आमच्या सहली शेगाव, लोणार आणि फार तर चिखलदऱ्यापर्यंत जात. तिथून समुद्र काही दिसत नाही!

हे कुणाला माहीत नव्हतं, कारण मी एकदा खोटं बोलले होते. सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावरून सत्तार नावाच्या मुलानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही सोता पाह्यली काय भरती?" मागं तपासणीला आलेले साहेब बसलेले. मी खडू खाली न ठेवता म्हणाले, "हो तर. गोव्याला." साहेबांनी मान डोलावली, सत्तारनंही डोलावली आणि धडा पुढं सरकला.

सत्तारचं आता गावात मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. गेल्या दिवाळीनंतर तो मोबाईल नाचवत माझ्याकडं आला, त्यावर एका सहलीची जाहिरात होती. कोकणच्या किनाऱ्यानं चार दिवस पायी चालायचं, सामान गाडीनं पुढं जाणार, सोबत वाटाड्या. तो आणि त्याची बायको शबाना जाणार होते.

"बाई, तुम्ही चला आमच्यासंगं. शबानाले पान्याचं लय भेव हाय. तुम्ही समुद्र पाह्यला हाय, तुम्ही असल्या तं तिले धीर येईन."

आता नाही म्हणायला तोंड कुठं होतं? आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. आमचे हे म्हणाले, "तूर काढाची सोडून पानी पाहाले कोन जाते?" मी म्हणाले, "मी जाते." जानेवारीत आम्ही तिघं धामणगावला गाडीत बसलो. दोन गाड्या बदलून, शबानाच्या डब्यातल्या तिखट पुऱ्या आणि ठेचा दोन दिवस पुरवून, कणकवलीला उतरलो.

तिथून जीपनं किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. माडांच्या मागून आवाज येत होता. पुढं गेले आणि थबकलेच. केवढा हो तो! आमच्याकडं सपाट रान नजर पोचेल तिथवर जातं, पण ते गप्प पडून असतं. हे रान हलत होतं. शबाना माझा हात घट्ट धरून उभी होती आणि मी मोठ्या जाणकारासारखी म्हणत होते, "असंच असतं, घाबरू नको." मीही पहिल्यांदाच पाहत होते हे तिला कळलं नाही.

आमचा वाटाड्या दत्ताराम, पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. माडांच्या मुळांशी आलेलं पाणी दाखवून तो म्हणाला, "आता भरती पुरी झाली. संध्याकाळी येऊन बघा, सुकतीला (ओहोटीला इकडं सुकती म्हणतात) पाणी कुठं गेलं ते शोधावं लागेल." मी लगेच वहीत लिहून घेतलं: भरती, बारा वाजता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे उद्या पावणेएकला. एकतीस वर्षांचा धडा पहिल्यांदाच कामाला येत होता. जेवणात आंबोळ्या आणि बांगड्याचं कालवण होतं. सत्तारनं सोलकढीचे चार पेले रिचवले आणि म्हणाला, "आपल्याकडं ही कायले करत नाही कोनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाल सुरू झाली. पहिल्यांदा सडा (किनाऱ्यावरचं कातळाचं उघडं पठार) चढलो. वाऱ्यानं पदर आवरता आवरत नव्हता. खाली लाटा कड्यावर आपटून पांढऱ्या होत होत्या. मग करवंदीच्या जाळ्यांतून घसरत, एकमेकांना सावरत, एका वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. आमच्यासोबत पुण्याचं एक वयस्क जोडपं होतं. त्यातल्या काकूंचा पाय नेमका शेवटच्या उतारावर मुरगळला. दत्ताराम म्हणाला, "या दोघांना मागं वाडीत नेऊन गाडीत बसवतो. तुम्ही इथंच वाळूवर थांबा. त्या खडपावर जाऊ नका."

खडप म्हणजे समुद्रात शिरलेला, सुकतीला उघडा पडणारा कातळ. ते समोरच होतं, कोरडंठाक. त्याच्या खळग्यांतल्या पाण्यात लहान मासे, खेकडे, खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले दिसत होते. सत्तारचा पाय ठरेना.

"बाई, जाऊ काय? पानी कव्हा येईन?"

घड्याळात नऊ वाजले होते. मी वहीसुद्धा उघडली नाही. "पावणेएकला भरती. अजून पावणेचार तास आहेत. चला!"

आम्ही गेलो. काय सांगू तुम्हाला, अशी मजा मी जन्मात केली नव्हती. जांभळ्या रंगाचं फुलासारखं काहीतरी बोट लावताच मिटायचं. भित्र्या शबानानं डब्याची पिशवी कातळावर ठेवली आणि चक्क खेकड्याच्या मागं लागली. मी साठीची बाई साडी खोचून ओरडत होते, "अरे इकडं या, इकडं बघा!" मधूनमधून समुद्राकडं माझं लक्ष होतं. आमच्या अडाण नदीला पूर येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग गढूळ पाणी, काटक्या, फेस. मी त्या आवाजाची वाट पाहत होते. पाणी पावणेएकला येणार, आणि येताना सांगून येणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आवाज आला तो दत्तारामचा. तो वाळूवरून दोन्ही हात हलवत होता. मागं वळून पाहिलं तर खडप आणि वाळू यांच्यामध्ये, जिथून आम्ही कोरड्या पायांनी आलो होतो तिथं, पाणी भरलं होतं. स्वच्छ, शांत पाणी. ना फेस, ना काटक्या. ते समोरून आलंच नव्हतं, बाजूनं येऊन आमच्या मागं शिरलं होतं.

शबाना रडायलाच लागली. सत्तारनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, आता काय कराचं? तुमाले मालूम हाय नं?"

मला काहीही माहीत नव्हतं. तोवर दत्ताराम पाण्यात शिरला होता. पाणी त्याच्या कमरेला लागत होतं. त्यानं आधी शबानाला नेलं, मग मला. माझा हात त्यानं इतका आवळून धरला होता की बांगडी रुतली. सत्तार मागून चप्पल डोक्यावर धरून आला. आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा डब्याची पिशवी खडपावरून तरंगत निघाली होती. बोरी अरबचा उरलासुरला ठेचा समुद्राला मिळाला.

"पाणी एकदम येत नाही, बाई," दत्ताराम दम खात म्हणाला. "सकाळी पावणेसातपासून येतच होतं."

पावणेसातपासून! मी फळ्यावर नेहमी दोनच चित्रं काढत आले होते, एक भरतीचं आणि एक ओहोटीचं. मधले सहा तास कधी काढलेच नव्हते. मी ओल्या साडीत वाळूवर बसले आणि लाज वाटत होती तरी बोलून टाकलं, "सत्तार, मी समुद्र काल पहिल्यांदा पाहिला. गोव्याला मी कधी गेलेच नाही."

सत्तारनं शबानाला उठवलं आणि दत्तारामसोबत पुढं चालू लागला. तो दिवस आणि त्याच्या पुढचा अख्खा दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. किनारा तसाच सुंदर होता, डॉल्फिनची पाठसुद्धा दिसली, पण माझं मन कशात लागत नव्हतं. शबाना मात्र माझ्याजवळून हलली नाही. "त्यायचा राग लंबा नसते, बाई," ती म्हणायची. "लेकिन सच्चा असते."

चौथ्या दिवशी रात्रीची गाडी होती. सकाळी शेवटचा टप्पा चालायचा होता. सत्तार माझ्या खोलीपाशी आला. हातात माडाच्या हिरांचा (झावळीच्या काड्यांचा) जुडगा होता.

"चला बाई. आज चालाचं नाही, बसाचं हाय."

सव्वाआठला पाणी सगळ्यात दूर होतं. त्यानं पाण्याच्या कडेला पहिला हीर रोवला आणि माझ्याजवळ वाळूवर येऊन बसला. "वीस वर्सं मी लोकायले सांगून राह्यलो का आमच्या बाईनं सोता पाह्यली," तो समुद्राकडं बघत म्हणाला. "तुमच्या भरवशावर शबानाले घेऊन गेलतो तिथं. राग आला मले. लय आला. आता पूर्न पाहून घ्या."

दर अर्ध्या तासानं त्यानं पाण्याच्या कडेला एक हीर रोवला. पहिले दोन हीर अगदी जवळजवळ होते. मग अंतर वाढत गेलं. साडेदहा-अकराच्या सुमाराला पाणी अशा झपाट्यानं वर चढलं की तो हीर रोवून परत येईपर्यंत त्याच्या टाचा भिजत. एकनंतर पुन्हा मंदावलं. मागचे हीर एकेक करून बुडत होते आणि मी वहीत वेळ टिपत होते. शबानानं भाताचा डबा तिथंच आणून दिला. कोणत्याही पुस्तकानं मला हे शिकवलं नव्हतं. अडीच वाजता शेवटच्या हिराला पाणी टेकलं आणि थांबलं. मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या आणि रडले. सत्तारनं काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

परत येऊन पंधरा दिवस झाले. शाळेतल्या भिंतीवर मी पूर्वी रंगवलेली ती दोन चित्रं अजून आहेत. नव्या मास्तरांना विचारून त्यांच्या मधल्या जागेत मी तेरा हीर काढून आले, जवळजवळ, मग लांब लांब, मग पुन्हा जवळ. एवढा प्रवास करून मी कमावलं ते तेवढंच, पण ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काल बाजारातून येताना सत्तारच्या गॅरेजवरून गेले. चार-पाच गिऱ्हाइकं गाड्या लावून उभी होती. सत्तार ऑइलनं काळ्या झालेल्या बोटानं फरशीवर रेघा ओढून सांगत होता, "पूर नोहे तो. आवाज नाही करत. बाजूनं येते अन् मांगून घेरते."

"तुले कोनं सांगतलं?" एकानं विचारलं.

सत्तारनं मान वर केली. मी रस्त्यात उभी, हातात मेथीची जुडी.

"बाईले इचारा. त्यायनं सोता पाह्यली हाय."

सगळे माझ्याकडं वळले.

"हो तर," मी म्हणाले. "गोव्याला नाही, कोकणात."

सत्तारनं मान खाली घातली आणि हसू लपवत पाना उचलला.